मेन्सची टेस्ट सिरीज घेताना पैसे लाल शाईचे मोजा

स्पर्धा परीक्षेच्या पूर्व परीक्षेचा निकाल लागला की पुण्यात सदाशिव पेठ, नवी पेठ आणि शास्त्री रोडवर मेन्सच्या, म्हणजे मुख्य परीक्षेच्या, सराव पेपरांच्या फलकांची दाटी होते. १६ फुल लेंग्थ (पूर्ण पेपर), ८ सेक्शनल (एकेका भागाचे), मॉडेल आन्सर मोफत, वन-टू-वन मेंटॉरशिप. फलकावरचा प्रत्येक आकडा छापता येणाऱ्या गोष्टीचा असतो. तुमची उत्तरपत्रिका तपासणारा माणूस तिला किती मिनिटे देणार, हे मात्र कुठेच लिहिलेले नसते. खरे तर सिरीजची किंमत त्या मिनिटांवरच ठरायला हवी. हे परीक्षण कुणा एका क्लासचे नाही. यूपीएससीच्या आणि आता एमपीएससीच्याही लेखी पेपरांसाठी विकल्या जाणाऱ्या या सेवेचे आहे.

सिरीजमध्ये चार गोष्टी एकत्र बांधून मिळतात: प्रश्नपत्रिका, वेळ लावून बसवण्याची शिस्त, नमुना उत्तरे आणि तपासणी. यांतली पहिली गोष्ट फुकट आहे. आयोगाच्या संकेतस्थळावर मागच्या वर्षांचे पेपर पडलेले असतात आणि त्यांच्या तोडीचे प्रश्न क्लासवाल्यांना क्वचितच जमतात. शिस्त अभ्यासिकेत चार मित्र मिळून लावून घेऊ शकतात. नमुना उत्तरांबद्दल पुढे बोलूच. उरली तपासणी. विकत घ्यावी अशी ही एकच गोष्ट आहे आणि बहुतेक ठिकाणी हात आखडता घेतला जातो तोही इथेच.

हिशेब साधा आहे. यूपीएससीच्या सामान्य अध्ययनाच्या पहिल्या तीन पेपरांत प्रत्येकी २० प्रश्न असतात. त्यांतले १० प्रश्न १० गुणांचे, शब्दमर्यादा १५०. उरलेले १० प्रश्न १५ गुणांचे, शब्दमर्यादा २५०. म्हणजे पूर्ण कॉपीत, अर्थात उत्तरपत्रिकेत, ४,००० शब्द. मिनिटाला २०० शब्दांच्या वेगाने नुसते वाचायचे म्हटले तरी २० मिनिटे जातात, आणि तेही अक्षर सुवाच्य असेल तर. प्रश्न समजून घेणे, चूक शोधणे, शेरा लिहिणे आणि गुण देणे धरले, तर उत्तरामागे अडीच मिनिटे आणि कॉपीला ५० मिनिटे हा किमान प्रामाणिक वेळ झाला. तासाला चार-पाच कॉप्या हातावेगळ्या करणारा तपासनीस कॉपी वाचत नाही, चाळतो. समजा १६ पेपरांच्या सिरीजचे शुल्क १२,००० रुपये आहे. मग एका पेपरचे ७५० आणि एका उत्तराचे साडेसदतीस रुपये होतात. यातून जागा, छपाई, जाहिरात आणि क्लासचा नफा वजा केल्यावर तपासणाऱ्याच्या हातात काय पडत असेल याचा अंदाज कुणीही करावा. म्हणून चौकशीला गेल्यावर पहिला प्रश्न एकच विचारायचा: तपासणारे कोण आहेत आणि एक माणूस दिवसाला किती कॉप्या तपासतो? उत्तर गोलमोल आले तर पुढचा डेमो बघण्यात वेळ घालवू नये.

तपासणी खरी की वरवरची, हे शेऱ्यांवरून दोन मिनिटांत कळते. ‘गुड अटेम्प्ट’, ‘प्रेझेंटेशन सुधारा’, ‘मोअर डायमेन्शन्स’, ‘डेटा टाका’, ‘कन्क्लूजन क्रिस्प हवे’ हे शेरे कुठल्याही उत्तराखाली शोभतात, म्हणून ते कुठल्याच उत्तराचे नसतात. चांगला शेरा त्या प्रश्नाला धरून असतो. २०२१ च्या जीएस २ (सामान्य अध्ययनाचा दुसरा पेपर) मधला १० गुणांचा प्रश्न बघा. संवैधानिक नैतिकतेचे मूळ संविधानातच आहे असे म्हणून, संबंधित न्यायनिर्णयांच्या आधारे हा सिद्धांत स्पष्ट करायला सांगितले होते. बहुतेक कॉप्यांत काय असते? प्रास्ताविका, मूलभूत हक्क, डॉ. आंबेडकरांचे नाव, एखादा निर्णय आणि ‘काळाची गरज’ असा शेवट. वरवर तपासणारा याला चार गुण देऊन ‘गुड’ लिहितो.

नीट तपासणारा समासात विचारेल: ‘निर्णयांच्या आधारे’ म्हटले आहे, मग निर्णय एकच का? २०१८ मध्येच तीन हाताशी होते. दिल्ली सरकार आणि नायब राज्यपाल यांच्या वादात ही नैतिकता सत्तेच्या वापराला लावली गेली. समलिंगी संबंधांवरच्या नवतेजसिंग जोहर प्रकरणात बहुसंख्याकांच्या सामाजिक नैतिकतेसमोर व्यक्तीची प्रतिष्ठा उभी राहिली. शबरीमला प्रकरणात धर्मस्वातंत्र्याच्या कलम २५ मधल्या नैतिकतेचा अर्थच संवैधानिक नैतिकता असा लावला गेला. तीन निर्णय, तीन वेगळी अंगे आणि प्रत्येकाला एकेक वाक्य. आंबेडकरांचे नाव घ्यायचे तर ४ नोव्हेंबर १९४८ च्या संविधान सभेतल्या भाषणाशी जोडून घ्या. तिथे त्यांनी ग्रोट या इतिहासकाराचा दाखला देत, ही नैतिकता उपजत नसते, जोपासावी लागते, असा मुद्दा मांडला होता. १५० शब्दांची वाटणीही शेऱ्यातच यायला हवी: अर्थाला २५, निर्णयांना ९०, मर्यादा आणि शेवट मिळून ३५. एवढे लिहायला तपासनिसाला चार ओळी पुरतात, पण त्याला विषय यावा लागतो. गेल्या वर्षी मेन्स दिलेल्या, विषय येणाऱ्या उमेदवाराकडून असे शेरे मिळतात. नुकतीच पदवी झालेल्या आणि हातात ‘आन्सर की’ दिलेल्या मुलाकडून मिळत नाहीत, आणि त्यात त्या मुलाचा दोष नाही.

पैसे भरण्याआधी तपासणीचीच परीक्षा घेता येते. बरेच क्लास एक पेपर किंवा दोन-तीन उत्तरे मोफत तपासून देतात. त्या उत्तरांत एक चूक मुद्दाम पेरायची. उदाहरणार्थ, ७३ व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची आली असे लिहायचे. ७३ व्या दुरुस्तीची अकरावी अनुसूची, २९ विषय. ७४ व्या दुरुस्तीची बारावी, १८ विषय. ही चूक ज्याच्या नजरेतून निसटते त्याने उत्तर वाचलेले नाही किंवा त्याला राज्यव्यवस्था येत नाही, आणि दोन्हींचा परिणाम सारखाच. दुसरी युक्ती म्हणजे तपासलेल्या तीन जुन्या कॉप्या मागायच्या, पण टॉपरच्या नकोत. टॉपरच्या कॉपीवर शेरे कमी असले तरी खपून जाते. मधल्या उमेदवाराच्या कॉपीवर तपासनीस किती राबला तेच बघायचे असते. शक्य असेल तर एकच उत्तर दोन ठिकाणी द्या. १५ पैकी एकाने ४ आणि दुसऱ्याने ८ दिले तर दोघांचेही शेरे शेजारी ठेवून वाचा. फरकाचे कारण ज्याने लिहिले असेल त्याच्याकडे जा, मग त्याने कमी गुण दिलेले का असेनात.

गुणांवरून आठवले. ५५-६० टक्के वाटणाऱ्या सिरीज लोकप्रिय होतात आणि घात करतात. यूपीएससीची लेखी परीक्षा १,७५० गुणांची. नागरी सेवा परीक्षा २०२३ मध्ये खुल्या प्रवर्गाचा मुख्य परीक्षेचा कट-ऑफ ७४१ होता, म्हणजे ४२ टक्क्यांच्या किंचित वर. त्याआधीच्या वर्षी ७४८. २०२३ ला देशात पहिल्या आलेल्या उमेदवाराचे लेखी गुण ८९९, म्हणजे ५१ टक्क्यांच्या आसपास. अशा परीक्षेच्या सरावात कुणाला ६० टक्के पडत असतील तर त्या आकड्याचा अर्थ एकच: पुढच्या वर्षीचा प्रवेश पक्का करण्याची ती सोय आहे. १० गुणांना साडेतीन ते साडेचार आणि १५ गुणांना सहाच्या आसपास ही बऱ्या उत्तराची खरी पातळी. उलट सगळ्यांना २५-३० टक्क्यांवर ठेवून ‘आम्ही कडक तपासतो’ असे मिरवणारेही आहेत. कडकपणाला कारणाची जोड नसेल तर तोही निरुपयोगीच. गुणांपेक्षा गुणांची चढउतार बघा: तुमच्या चांगल्या आणि वाईट उत्तरांत तपासनिसाने फरक केला आहे का? वीसच्या वीस उत्तरांना चार-साडेचार असेल तर कॉपी मिटून ठेवलेली बरी.

आता सेवेचे प्रकार. मोठ्या क्लासची केंद्रावर होणारी सिरीज सर्वांत महाग. तिचा खरा फायदा बाकावर बसून तीन तास लिहिण्याचा. घरी ‘वेळ लावून’ लिहिताना मधे पाणी पिणे, फोन बघणे, एखादा संदर्भ चाळणे होतेच. पण केंद्र कडक हवे. उशिरा येणाऱ्याला बसू देणे आणि तीन तास संपल्यावर ‘घ्या, दहा मिनिटांत आवरा’ म्हणणे, या दोन सवयी असतील तर केंद्राचा उपयोग संपला. जीएसमध्ये १० गुणांच्या उत्तराला ७ आणि १५ गुणांच्या उत्तराला ११ मिनिटे दिली की १८० मिनिटे तंतोतंत भरतात, प्रश्न वाचायला एक क्षणही उरत नाही. म्हणून साडेसहा आणि साडेदहा मिनिटांची सवय लावावी लागते. मग १७० मिनिटांत पेपर होऊन दहा मिनिटे हातात राहतात. जादा दहा मिनिटे देणारे केंद्र नेमकी हीच सवय मोडते. दुसरे म्हणजे बहुतेक केंद्रे दर रविवारी एक पेपर घेतात. प्रत्यक्षात २०२५ च्या वेळापत्रकात २३ ऑगस्टला सकाळी ९ ते १२ जीएस १ आणि दुपारी २.३० ते ५.३० जीएस २ होता, दुसऱ्या दिवशी तसेच जीएस ३ आणि ४. चौथ्या पेपरच्या शेवटच्या तासात हात बोलायला लागतो. शनिवार-रविवार मिळून चार पेपरांची निदान एक फेरी घेणारी सिरीज निवडावी. मोजक्याच घेतात, पण घेतात.

कॉपी स्कॅन करून पाठवायची ऑनलाइन सिरीज त्याहून स्वस्त आणि तालुक्याच्या गावी राहून तयारी करणाऱ्याला सोयीची. तिच्यात चुका वेगळ्या होतात. मोबाइलच्या स्कॅनिंग अ‍ॅपमधला काळा-पांढरा फिल्टर शिसपेन्सिलीच्या रेषा गिळतो. नकाशा आणि आकृती कॉपीवर असते, तपासनिसाच्या पडद्यावर नसते, आणि ‘आकृती काढा’ असा शेरा येतो. ग्रेस्केल ठेवा, किंवा सरावापुरत्या आकृत्याही पेनाने काढा. पानांचे फोटो दिव्याखाली नव्हे, खिडकीच्या उजेडात काढा, म्हणजे हाताची सावली पडत नाही. फाइल वजनाने लहान करताना रेझोल्यूशन इतके खाली आणू नका की मात्रा आणि अनुस्वार पुसले जातील. देवनागरीत तेवढ्याने अर्थ बदलतो. शेरे पीडीएफवर टंकलेले येत असतील तर ते ज्या ओळीबद्दल आहेत त्या ओळीवर खूण आहे का ते पाहा. पानाच्या तळाशी तीन ओळींचा तयार मजकूर चिकटवण्याची सोय प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये असते. दोन वेगळ्या विषयांच्या कॉप्यांत शब्दशः तोच शेरा सापडला की ओळखायचे.

तिसरा प्रकार म्हणजे मुलाखतीपर्यंत जाऊन आलेल्या एक-दोन उमेदवारांनी पंधरा-वीस जणांसाठी चालवलेला छोटा गट. फलक नाही, अ‍ॅप नाही, छापील पुस्तिका नाही, नोटिसा व्हॉट्सअ‍ॅपवर. तपासणीच्या दर्जात मात्र हा प्रकार बहुधा सर्वांत सरस ठरतो, कारण तपासणाऱ्याला तुमच्या मागच्या कॉपीतली चूक आठवते. धोका एकच आणि तो खरा आहे: चालवणाराच पुढची मेन्स देत असेल तर ऐन ऑगस्टमध्ये गट बंद पडतो. तो स्वतः यंदा परीक्षेला बसणार आहे का, हे आधी विचारून घ्या आणि पैसे पेपरगणिक द्या. जीएससाठी यातला गट आणि दोन पेपरी दिवसांच्या सरावासाठी केंद्रावरची शेवटची फेरी, ही जोडी सध्या पैशाच्या मानाने सर्वांत जास्त देते.

कॉपी परत किती दिवसांत येते याला उमेदवार कमी महत्त्व देतात. २०२५ मध्ये पूर्व परीक्षा २५ मे रोजी झाली आणि मुख्य परीक्षा २२ ऑगस्टला सुरू झाली: मधे ८९ दिवस. कॉपी तीन आठवड्यांनी आली तर तयारीचा चौथा हिस्सा संपलेला असतो आणि त्यादरम्यान तीच चूक आणखी दोन-तीन पेपरांत झालेली असते. शिवाय उत्तर लिहिताना डोक्यात काय चालले होते हे आठवडा-दहा दिवसांनी आठवत नाही, मग शेरा कशाबद्दल आहे हेच उमगत नाही. सात दिवस ही मर्यादा पावतीवर लिहून मागा. देत नसतील तर निदान मागच्या बॅचच्या कॉप्यांवरची तारीख बघून घ्या. पेपरची आणि तपासणीची अशा दोन्ही तारखा नसलेली कॉपी हेही एक उत्तरच आहे.

नमुना उत्तरांचे जाडजूड बाड हा सिरीजमधला सर्वांत देखणा आणि सर्वांत कमी कामाचा भाग. आयोगाच्या प्रश्न-सह-उत्तरपुस्तिकेत १० गुणांच्या प्रश्नाला दोन आणि १५ गुणांच्या प्रश्नाला तीन पाने मिळतात, त्याबाहेर जागा नाही. नमुना उत्तर मात्र ७०० शब्दांचे, दोन तक्ते आणि तीन समित्यांसह. ते उत्तर नव्हे, नोट्स आहेत. नोट्स म्हणून वापरायला हरकत नाही, पण ते बघून स्वतःचे उत्तर लहान वाटू लागते आणि माणूस पुढच्या पेपरात १५ गुणांना चौदा मिनिटे देतो. शेवटचे तीन प्रश्न कोरे राहतात. चांगल्या सिरीजमध्ये नमुना उत्तर हाताने लिहिलेले, तीन पानांत मावणारे आणि सोबत ‘हे मुद्दे का गाळले’ अशी टीप असलेले मिळते. पुस्तिकेच्या आकाराला भुलू नका, पुण्याच्या पुस्तकबाजारात, अप्पा बळवंत चौकात, तेवढी पाने रद्दीच्या भावात मिळतात.

मराठी माध्यमाच्या उमेदवाराने आणखी काही गोष्टी पाहायच्या. यूपीएससीचे जीएस पेपर हिंदी आणि इंग्रजीत छापलेले असतात, उत्तर मराठीत लिहायचे असते. म्हणजे सराव प्रश्नपत्रिकाही तशीच हवी. मराठीत भाषांतर केलेला पेपर देणारी सिरीज सोयीची वाटते आणि परीक्षेच्या दिवशी पहिली दहा मिनिटे इंग्रजी प्रश्न पचवण्यात जातात. ‘मराठी माध्यम उपलब्ध’ असे लिहिलेल्या दिल्लीच्या ऑनलाइन सिरीजमध्ये तपासणारा मराठी वाचू शकतो का, हे वेगळे विचारावे लागते. शेरे इंग्रजीत आणि फक्त शीर्षकांच्या शेजारी असतील, परिच्छेदाच्या आत एकही खूण नसेल, तर उत्तर कळले. पारिभाषिक शब्दांत एकवाक्यता तपासली जाते का तेही बघा: एका पानावर ‘राजकोषीय तूट’ आणि पुढच्या पानावर ‘वित्तीय तूट’ लिहिल्याबद्दल टोकणारा तपासनीस कामाचा.

आणि शिरोरेषा. वेग वाढवायला अनेक जण शब्दावरची रेघ सोडून देतात. वेळ वाचतो हे खरे, पण घाईच्या अक्षरात ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’ यांत फरक राहत नाही. दिवसाकाठी ढीगभर कॉप्या बघणाऱ्या परीक्षकाने संदर्भावरून ओळखावे ही अपेक्षा फाजील आहे. शब्दागणिक तुटक रेघ देणे हा मधला मार्ग, आणि तो सवयीने वेगातही बसतो. या गोष्टीवर शेरा देणारी तपासणी फार कमी ठिकाणी दिसते.

एमपीएससीचा बाजार वेगळाच तापला आहे. २०१२ पासून राज्यसेवा मुख्य परीक्षेत भाषेचे वर्णनात्मक लेखन सोडले तर सगळे बहुपर्यायी होते, एकूण ८०० गुण. २०२३ च्या सुरुवातीला पुण्यात विद्यार्थ्यांनी आंदोलन केल्यावर नवी वर्णनात्मक पद्धत २०२५ पासून लागू करण्याचा निर्णय झाला. आता यूपीएससीसारखेच नऊ पेपर: मराठी आणि इंग्रजी अर्हताकारी (फक्त उत्तीर्ण होण्यापुरते), निबंध, जीएसचे चार आणि वैकल्पिक विषयाचे दोन. लेखी १,७५०, मुलाखत २७५. बारा-तेरा वर्षे गोळे रंगवायला शिकवणाऱ्या क्लासनी एका हंगामात वर्णनात्मक सिरीज उभ्या केल्या, त्यामुळे तपासनीस आणणार कुठून हा प्रश्न इथे दुप्पट मोठा. बरेच पेपर म्हणजे यूपीएससीचे जुने प्रश्न आणि त्यांत खोचलेला ‘महाराष्ट्राच्या संदर्भात’. ओळखण्याची युक्ती सोपी: प्रश्नातला ‘महाराष्ट्र’ काढून ‘बिहार’ घाला. प्रश्न तरीही व्यवस्थित चालत असेल तर तो राज्यसेवेसाठी बनवलेला नाही. प्रादेशिक असमतोलाचा प्रश्न दांडेकर समिती, केळकर समिती, कलम ३७१(२) आणि १९९४ ची विकास मंडळे यांच्याशिवाय लिहिता येत नाही. तसेच रोजगार हमीचा १९७७ चा कायदा, लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ किंवा २०१४ चे पेसा (आदिवासी क्षेत्रांतल्या ग्रामसभांच्या अधिकारांचा कायदा) नियम यांवरचे प्रश्न. एका पेपरात असे पाच-सहा प्रश्न तरी हवेत, आणि मंडळांची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली हे न लिहिणाऱ्याचा अर्धा गुण कापणारा तपासनीस हवा.

निबंध आणि जीएस ४ ला, म्हणजे नीतिशास्त्राच्या पेपरला, सिरीजवाले सर्वांत कमी न्याय देतात. निबंधाचे दोन भाग, प्रत्येकातून एक, १२५-१२५ गुण, १,००० ते १,२०० शब्द. दोनही नीट तपासायला पाऊण तास लागतो आणि तिथेही शेवटी एकच शेरा येतो: ‘फ्लो सुधारा’. प्रवाह कुठल्या परिच्छेदात तुटला, हे सांगायला हवे. उत्तम तपासनीस प्रत्येक परिच्छेदाशेजारी तो काय काम करतो ते दोन शब्दांत लिहितो: ‘व्याख्या’, ‘इतिहास’, ‘पुन्हा इतिहास’, ‘विषय सुटला’. ते समासातले शब्द सलग वाचले की निबंधाचा सांगाडा उमेदवाराला आपोआप दिसतो. नव्वद मिनिटांपैकी पंधरा-वीस मिनिटे आराखड्याला देऊन तोही कॉपीसोबत जोडा आणि तपासायला सांगा. निम्म्या चुका तिथेच सापडतात. जीएस ४ मध्ये १० गुणांचे १३ उपप्रश्न आणि २० गुणांचे सहा प्रसंग. सिरीजमधले प्रसंग पाच-सहा ओळींचे असतात, आयोगाचे लांबलचक. सहा प्रसंग वाचून त्यातली माणसे आणि त्यांचे हितसंबंध टिपण्यातच बारा-तेरा मिनिटे जातात, आणि हा वेळ ज्या सरावात धरलेला नाही तो सराव खोटा आत्मविश्वास देतो.

वैकल्पिक विषय जीएसच्या पॅकेजमध्ये ‘सवलतीत’ मिळत असेल तर नको म्हणा. मराठी वाङ्मय असो की पशुसंवर्धन, तिथे त्याच विषयात ती परीक्षा दिलेला तपासनीस लागतो. अनिवार्य भाषेच्या पेपरांना ३०० पैकी २५ टक्के, म्हणजे ७५ गुण लागतात. घरी एक पूर्ण पेपर वेळ लावून लिहिला तरी बहुतेकांना पुरतो. इंग्रजी माध्यमातून शिकलेल्यांनी मराठी सारांशलेखनाचे चार-पाच उतारे जास्त करावेत.

कागदाबद्दल थोडे. केंद्रावर मिळणारी पुस्तिका पातळ कागदाची असते आणि जेल पेनाची शाई मागे उमटते. बॉल पेन उमटत नाही पण दाब मागतो आणि तिसऱ्या तासात अंगठ्याच्या मुळाशी दुखते. दोन्हींनी एकेक पूर्ण पेपर लिहून मग ठरवा, आणि परीक्षेपर्यंत बदलू नका. घरच्या सरावाला दोन्ही बाजूंना समास आखलेली ५० पानांची पुस्तिका झेरॉक्सच्या दुकानातून काढून घ्या. ७५ किंवा ८० जीएसएमचा कागद मागा. पानामागे रुपया-दीड रुपया पडतो आणि हीच गोष्ट ‘क्यूसीए किट’ (प्रश्न-सह-उत्तरपुस्तिकेचा संच) म्हणून कित्येक पटींनी विकली जाते.

कॉपी परत आल्यावरचे काम क्लास करून देत नाही. सर्वांत कमी गुणांची चार उत्तरे त्याच दिवशी, घड्याळ लावून, पुन्हा लिहायची आणि जुन्याशेजारी टाचायची. चुकांची वही ठेवा, पण विषयवार नको. प्रकारवार हवी: प्रश्नाचा अर्धा भाग सुटला, ‘चिकित्सक परीक्षण’ म्हटल्यावर एकच बाजू लिहिली, तथ्य चुकले, वेळ संपला. पाच-सहा कॉप्यांनंतर एकच रकाना भरलेला दिसतो आणि पुढच्या पेपरात त्याच्यावरच काम करायचे. हे होणार नसेल तर १६ पेपरांऐवजी ८ घ्या. सोळा लिहून एकही पुन्हा न लिहिणाऱ्यापेक्षा आठ लिहून बत्तीस उत्तरे सुधारणारा पुढे जातो.

पैसे भरताना फलकावरचे चेहरे मोजू नका. एकच टॉपर पाच क्लासच्या फलकांवर दिसतो, कारण त्याने बहुधा मोफत मुलाखत मार्गदर्शन घेतलेले असते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. त्यांनुसार यशस्वी उमेदवाराने नेमका कोणता कोर्स केला हे जाहिरातीत सांगावे लागते आणि त्याची लेखी संमती निवड झाल्यानंतर घ्यावी लागते. काउंटरवर सरळ विचारा, ‘यांनी तुमची मेन्सची सिरीज दिली होती का? तपासलेली कॉपी दाखवता?’ कोचिंगवर १८ टक्के जीएसटी आहे; सांगितलेल्या शुल्कात तो धरला आहे का ते पाहा, नाहीतर १२,००० चे १४,१६० होतात. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या मुख्य परीक्षेसाठीच्या अर्थसाहाय्याच्या जाहिराती आधी बघा, पक्की पावती तिथेही लागू शकते. आणि हप्ते पाडून घ्या: निम्मी रक्कम प्रवेशाला, उरलेली चौथी तपासलेली कॉपी हातात पडल्यावर. याला जे तयार होत नाहीत त्यांच्याकडे एखादा सुटा पेपर विकत घेता येतो का विचारा. बरेच जण देतात, फलकावर लिहीत नाहीत एवढेच.